मोठ्या माणसांच्या कॉम्प्युटर वर्गात सुरुवात कशापासून करावी?

वाचनालयवाली: गावातल्या वाचनालयातला संध्याकाळचा वर्ग आता माझ्याकडे आलाय. बचत गटाच्या बायका, दोन शेतकरी, एसटीतून रिटायर झालेले एक काका आणि शिवणकाम करणाऱ्या एक ताई. आधीचे सर सीपीयू-मॉनिटर, मग पेंट, मग वर्ड असे पुस्तकाच्या क्रमाने जायचे, आणि माणसं गळायची. कुणी वेगळं काही केलंय का?

गट_नंबर: 'काय शिकायचंय?' विचारू नका, सगळे 'बेसिक' म्हणतात. 'कुठल्या कामासाठी दुसऱ्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात?' असं विचारा. शेतकरी सातबारा म्हणतील. भूलेख या सरकारी साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर आणि कॅप्चा टाकायचा, यातच माउस आणि कीबोर्ड दोन्ही येतात. नुसता बघायला फुकट, डिजिटल सहीचा 15 रुपयांत.

बचत गटाला त्यांचं रजिस्टरच आणायला सांगा. 5000 कर्ज, शेकडा 2, महिन्याचं व्याज 100, हे त्यांना तोंडपाठ असतं. तेच एक्सेलमध्ये मांडा. आमच्याकडे एकीला व्याज 1000 दिसलं. "हे काहीतरीच दाखवतंय," म्हणाली आणि स्वतःच वर जाऊन कर्जाच्या रकमेतलं जास्तीचं शून्य खोडलं. भाजीपाल्याच्या खोट्या यादीवर हे झालं नसतं.

चष्मेबद्दूर: बोलायला ठीक आहे. दहा जणांची दहा कामं, शिकवणारी एकटी. आणि टायपिंग कधी शिकणार?

गट_नंबर: सारखं काम असलेल्यांच्या जोड्या लावायच्या. टायपिंगला वेगळा तास नको, गटाच्या मासिक सभेचं इतिवृत्त टाइप करू दे. मात्र माउस त्यांच्याच हातात हवा. आपण 'द्या इकडे' म्हटलं की संपलं.

पेन्शनर_दादा: काकांना हयातीचा दाखला शिकवा. फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप लागतात, चेहरा दाखवून काम होतं. ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाली पेन्शन असेल तर नोव्हेंबरची वाट बघायला नको, दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो.

एक महत्त्वाचं. वाचनालयाच्या मशीनवर डाउनलोड्समध्ये लोकांची आधार कार्डं पडून राहतात. उठण्याआधी फाइल डिलीट, रिसायकल बिन रिकामा, लॉगआउट. रोज, न चुकता.

वाचनालयवाली: रजिस्टर उद्याच मागवते. शिवणकामवाल्या ताईंना मात्र गूगल मॅप्सवर यायचंय. दुकान नाही, घरीच शिवतात.

चष्मेबद्दूर: येता येतं, पण गिऱ्हाईक त्यांच्याकडे येत नसेल, त्याच घरोघरी जाऊन मापं घेत असतील तर. तेव्हा घराचा पत्ता लपवून नुसता भाग दाखवायचा. पडताळणीला बहुतेकदा व्हिडिओ मागतात, मशीन आणि शिवलेले कपडे दिसू द्या. नंबर सगळ्यांना दिसणार हे ताईंना आधी सांगा, नाहीतर रात्री-अपरात्री फोन सुरू होतात.

वाचनालयवाली: वेगळं सिमच घ्यायला सांगते.