सॉरी म्हणजे फक्त माफी नव्हे

'सॉरी म्हणजे माफ करा, बस्स' असं बरेचदा म्हटलं जातं, पण ते मला अपुरं वाटतं. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सारिग' होता, अर्थ व्यथित. दुखऱ्या जागेला 'सोअर' म्हणतात, त्याचं हे भावंड. 'सॉरो' म्हणजे दुःख, पण त्या शब्दाशी मात्र मुळात नातं नाही, नुसता सारखेपणा.

माझी आजी गेली तेव्हा ऑफिसातली इंग्रज सहकारी हळू आवाजात म्हणाली, 'आय अ‍ॅम सो सॉरी.' मी पटकन म्हणालो, त्यात तुझी काय चूक? ती नुसती बघत राहिली. ती माझं दुःख वाटून घेत होती, हे मला फार उशिरा उमगलं. रुखरुख अजून आहे.

आणि हो, शेवटी सूर चढवून 'सॉरी?' म्हटलं तर अर्थ होतो, 'काय म्हणालात? ऐकू नाही आलं.'