थायरॉइड स्कॅननंतर अंगावर पाजणे किती तास थांबवावे?

डिचोलीची आई: माझे बाळ साडेचार महिन्यांचे असून ते केवळ अंगावरच्या दुधावर आहे. बाळंतपणानंतर थायरॉइड वाढल्यामुळे डॉक्टरांनी टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा स्कॅन सुचवला आहे. पाजणे किती वेळ थांबवावे लागेल आणि दीड हजारांच्या आत कोणता पंप मिळेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

म्हापसेकर वहिनी: पंप विजेवर चालणारा, दुहेरीच घ्यावा. मी सात हजारांचा घेतला आणि तो दोन्ही बाळंतपणांत चालला. स्वस्तातला पंप म्हणजे पैसे पाण्यात.

मडगावचा बाबा: पंपाचे नंतर पाहावे. माझ्या पत्नीला किरणोत्सारी आयोडीन दिले तेव्हा पाजणे कायमचे सुटले, म्हणून ताईंनी आताच वरचे दूध सुरू करावे.

फोंड्याची माई: माझ्या सीटी स्कॅननंतर तर मला एक तासही थांबवले नव्हते. उगाच भीती घालू नये.

निवृत्त तंत्रज्ञ, पणजी: तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. सीटीचे क्ष-किरण शरीरात मागे राहत नाहीत. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे होण्याचा काळ, ८ दिवसांचे असून ते दुधातून बाळाच्या थायरॉइडमध्ये साठते, त्यामुळे त्या बाळाला पाजणे पूर्ण थांबवतात. टेक्नेशियम-९९एम मात्र दर ६ तासांनी निम्मे होते. थायरॉइडच्या स्कॅनसाठी, मात्रेनुसार, साधारण १२ ते २४ तास थांबण्यास सांगतात. त्या काळात पिळलेले दूध ओतून देण्याचीही गरज नाही, कारण फ्रिजमध्ये ६० तास ठेवल्यावर त्यातील किरणोत्सार हजाराव्या भागाहूनही कमी उरतो आणि चार दिवसांच्या आत ते बाळाला देता येते. पावसाळ्यात वीज जाण्याचा हिशेब मात्र ज्याचा त्याने करावा.

म्हापसेकर वहिनी: चोवीस तास, हेच मीही सांगणार होते. बाटली देऊ नये, बोंडले वापरावे.

मडगावचा बाबा: बोंडल्याने ठसका लागतो, आमच्याकडे वाटी-चमचाच चालला.

सांखळीची डॉक्टरीण: स्कॅनपूर्वी एक विचारावे. हा ग्रेव्हज आजार (शरीराचीच प्रतिपिंडे थायरॉइडला जास्त काम करायला लावतात तो) आहे की बाळंतपणानंतरचा थायरॉइडदाह (ग्रंथीची सूज), हे त्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे टीएसएच-ग्राहक प्रतिपिंडांच्या, रक्तचाचणीनेही बहुधा कळते आणि तिला पाजणे थांबवावे लागत नाही.

डिचोलीची आई: सर्वांचे आभार. रक्तचाचणीचे मी डॉक्टरांना विचारले. आधी तीच करू, असे ते म्हणाले. स्कॅन करावाच लागला तर आदल्या दोन दिवसांत हाताने दूध पिळून ठेवीन. सासूबाईंनी रीत दाखवली आहे, तेव्हा पंप घेत नाही.

म्हापसेकर वहिनी: हाताने पिळताना मनगटे दुखली की माझा सात हजारांचा पंप आठवेल.