टॉवर असलेलं घर: वाडा, बंगला की आणखी काही?

रानवारा: अलाबामातल्या मॅरियन या छोट्या गावाजवळच्या केनवर्दी हॉलवरचा लेख मराठीत आणतेय. कापूसमळ्याच्या मालकाने, एडवर्ड केनवर्दी कार्लाइलने, १८५८ ते १८६० मध्ये बांधून घेतलेलं विटांचं घर. आराखडा रिचर्ड अपजॉनचा, न्यूयॉर्कचं ट्रिनिटी चर्च उभारणारा तोच. शैली 'इटालियनेट', त्यात चार मजली टॉवर. मी 'इटालियन घाटाचा बुरुजवाला वाडा' लिहिलं. संपादकांनी वाडाही खोडला, बुरूजही. 'मनोऱ्याचा बंगला' करा म्हणाले. मला पटत नाहीये.

सह्यकडा: बुरूज तटाला असतो, घराला नाही. मनोराच बरोबर.

ओसरी: मनोरा म्हटलं की मशीद डोळ्यासमोर येते.

सह्यकडा: तुमच्या येत असेल. तंजावरच्या सरफोजीराजांनी समुद्रकाठी आठ मजली इमारत बांधली, तिचं नावच मनोरा. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून. मशिदीशी काय संबंध?

ओसरी: बरं, मनोरा घ्या. पण वाडा नकोच. चौक नाही तो वाडा कसला?

जुनी पाटी: आमच्या वाईच्या घराला चौक नव्हता, तरी अख्खं गाव वाडाच म्हणे. आजोबा सावकारी करायचे म्हणून. वाडा आला संस्कृत 'वाट'वरून, म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यात चौक कुठे आहे?

ओसरी: व्युत्पत्तीवर अर्थ ठरवायचा तर बंगला फक्त बंगालातच बांधावा लागेल.

रानवारा: जुनी पाटी, माझा मुद्दा तोच आहे. तो मळा गुलामांच्या कष्टावर चालायचा. बंगला म्हटलं की चार दिवस हवापालटाला गेल्यासारखं वाटतं. वाडा म्हटलं की कुणाची सत्ता होती ते लगेच कळतं.

सह्यकडा: मग वाचक पेशवाईत जाईल, अलाबामात नाही.

रानवारा: आणि 'इटालियनेट'चं काय करू? 'इटालियन' लिहिलं तर घर इटलीतलं वाटतं. या शैलीत छपराच्या पुढे आलेल्या कडेखाली नक्षीदार आधार असतात, त्यांनाही शब्द हवाय.

जुनी पाटी: हस्त.

ओसरी: हस्त खांबाच्या माथ्यावर, तुळईखाली. वळचणीखाली तिरपा लावतात तो घोडा. आमचे सुतारकाका घोडाच म्हणायचे.

जुनी पाटी: घोडा फळीखाली लावतात हो. कोरीव कामाला घोडा म्हणताना मी आजवर कुणाला ऐकलं नाही.

ओसरी: कोकणात या, ऐकवतो.