कोळशाची सिगडी: सुधारायची की हद्दपार करायची?

लोखंडकाम_राजुरा

आधीच सांगून ठेवतो, गॅस नको असं माझं म्हणणं नाही. पण राजुरा, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या कोळसा खाणींच्या पट्ट्यात ज्यांच्याकडे उज्ज्वलाचं सिलिंडर आहे त्यांच्याही दाराशी सिगडी आहे. सिलिंडर संपलं की पुढचा पैसा हाती येईपर्यंत स्वयंपाक तिच्यावर, आणि अंघोळीचं पाणी तर बारा महिने तिच्यावरच. माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट-ग्रिलमधून उरलेल्या पत्र्याच्या सिगड्या आम्ही पण बनवून विकतो, म्हणून हा विषय डोक्यात घोळून राहिला आहे.

आत्ताची सिगडी म्हणजे काय, तर पत्र्याचा डबा, आतून मातीचं लिंपण, मध्ये सळ्यांची जाळी, खाली राख काढायचं दार. पेटवताना खाली गोवरी-ढलप्या, त्यावर कोळसा. इथेच घोळ आहे. आग खाली लागते, तिची उष्णता वरच्या थंड कोळशाला तापवते, त्यातून वायू आणि डांबर सुटतं, पण वर ज्योतच नसते. मग ते न जळताच पिवळ्या धुराच्या रूपात बाहेर पडतं. दक्षिण आफ्रिकेच्या हायवेल्ड भागात, कोळसा खाणींच्या वस्त्यांत, याच्या उलट करायला शिकवलं गेलं: कोळसा खाली, कागद-लाकूड वर, आणि वर मूठभर बारीक कोळसा. 'बासा न्जेंगो मागोगो' म्हणतात त्या पद्धतीला. आग वरून खाली सरकते, खालून सुटलेला वायू ज्योतीतूनच जातो आणि जळतो. धूर बराच कमी होतो, सिगडी लवकर तापते, आणि खर्च शून्य.

माझ्या डोक्यात आणखी तीन बदल आहेत. कोळशाच्या थराच्या जरा वर गोलाकार भोकं, म्हणजे वरून दुसरी हवा मिळेल. बाहेरून दांडीने हलवता येईल अशी जाळी, कारण आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राखच असते आणि ती सळ्यांत अडकली की हवाच बंद होते. आणि ज्यांच्या घरात सिगडी आत जळते त्यांच्यासाठी झाकणाची रिंग आणि धुराडं.

यात वेळ घालण्यात अर्थ आहे का? स्पष्ट बोला.

अनघा_श्वसन

स्पष्टच बोलते. नाही.

कच्चा कोळसा घरात इंधन म्हणून वापरूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. लाकडाबद्दल त्यांची भाषा टप्प्याटप्प्याची आहे, कोळशाबद्दल तशी नाही. घरगुती कोळशाच्या धुराला त्यांच्याच कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. आपला कोळसा जळला की गंधक आणि धूळ येते, आणि कोळशानुसार आर्सेनिक, फ्लोराइडही. चीनच्या ग्वेजो प्रांतात लोक कोळशाच्या आगीवर मिरच्या आणि मका वाळवत, त्यातून आर्सेनिक आणि फ्लोराइडची विषबाधा झाली. स्टोव्हची जाळी कितीही चांगली केली तरी आर्सेनिक जळून नाहीसं होत नाही.

आणि तुमचा मुद्दा धुराचा आहे, माझा दुसरा आहे. आज बाया सिगडी बाहेर पेटवतात, धूर थांबला की आत आणतात. धूर डोळ्यांत जातो म्हणूनच ती बाहेर राहते. तुम्ही धूर घालवलात तर ती पहिल्या मिनिटापासून आत येईल. निखारे लाल झाल्यावर धूर नसतोच, पण कार्बन मोनॉक्साइड तेव्हाच भरपूर असतो. हिवाळ्यात दार लावून सिगडीपाशी झोपलेल्यांचं काय होतं ते आमच्या दवाखान्यात दरवर्षी दिसतं.

धनबादकर

माझी नोकरी गेली झारखंडात, झरियाच्या कोळसा खाणींच्या आसपास. तिथे तुम्ही म्हणता त्यातली अर्धी लढाई वेगळ्या मार्गाने झाली आहे. लोक कच्चा कोळसा घरात जाळायचं टाळतात, आधी बाहेर ढीग लावून अर्धवट जाळतात आणि वर माती-राख टाकून विझवतात. तो 'पोडा कोयला'. डांबर तिथेच निघून जातं, घरात धूर कमी. सायकलवर दोन-अडीच क्विंटल लादून ढकलत नेणारे लोक पाहिले असतील फोटोत, त्यांच्या पोत्यात बहुतेक हेच असतं.

म्हणजे घराचा धूर गेला कुठे? गावाच्या हवेत. संध्याकाळी झरियात श्वास घेऊन बघा. डॉक्टरबाईंना हे सांगतोय की इंधन बदलणं हे आपोआप स्वच्छ नसतं, आणि राजुरावाल्यांना हे की सिगडी बदलण्याआधी कोळसा बदलायचा विचार करा. कोळशाच्या चुरीचा 'गुल', म्हणजे गोळे, करतात तसा, किंवा चीनमध्ये भोकाभोकांच्या गोल विटा करतात तसा. भोकांतून हवा सारखी खेळते, त्यामुळे जाळीवरचं अर्धं काम इंधनच करतं.

वरून पेटवण्याबद्दल एक शंका. एकदा भरली की संपेपर्यंत हात लावायचा नाही, ही अट आहे ना? मध्येच वरून कच्चा कोळसा टाकला की परत तोच पिवळा धूर.

हिशेबनीस

भावनेपेक्षा आकडे बघू. सिलिंडर १४.२ किलो, गॅसची उष्णता किलोला साधारण ११,००० किलोकॅलरी, आणि भारतीय मानकानुसार शेगडीची किमान कार्यक्षमता ६८ टक्के. भांड्यापर्यंत पोचते ती १ लाख ६ हजार किलोकॅलरींच्या आसपास. जी-१० प्रतीचा कोळसा किलोला ४,३०० ते ४,६०० किलोकॅलरींचा, आपण ४,४०० धरू. साध्या सिगडीची कार्यक्षमता १५ टक्के धरतो, हा माझा अंदाज. म्हणजे किलोला ६६०. एका सिलिंडरइतका स्वयंपाक करायला १६० किलो कोळसा. सुधारून २५ टक्के केलीत तर ९७ किलो.

६३ किलो वाचले. पण कोणाचे? विकत घेणाऱ्याचे. ट्रकमागे, रेल्वेच्या सायडिंगवर, ओबीच्या म्हणजे खाणीतून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगात वेचून आणणाऱ्याला बचतीत रस का असावा? त्याला वेचायचे कष्ट वाचतील, एवढंच. आणि सिगडी बंद करता येत नाही, हा मोठा तोटा कोणी धरतच नाही. भाजी झाली तरी ती दोन तास जळतेच.

चुलीपुढची

बराच वेळ वाचतेय. चर्चेत हवा आहे, राख आहे, कॅलरी आहे, भाकरी नाही.

मी वर्षानुवर्षं सिगडीवर रांधलंय, वरोऱ्याजवळ. दोन तास जळते हा तोटा हिशेबनीसांना वाटतो. आम्हाला तोच फायदा. डाळ-भात-भाजी झाली की उरलेल्या आचेवर दूध, मग अंघोळीचं पाणी, मग रात्री लसणाची चटणी भाजायला निखारे. त्या दोन तासांत गॅसवर काही ठेवलं असतं का? नाही, पैसे जातात म्हणून.

वरून पेटवण्याबद्दल: माझ्या माहितीतल्या बायांना पटेल, पण भाकरीच्या वेळेपर्यंत आच खाली गेलेली असते. भाकरी शेवटी करतात हो, गरम वाढायची म्हणून. तवा वर आणि निखारे एक वीत खाली, मग भाकरी भाजते की वाळते? त्यावर इलाज असेल तर बोला. कोळशाचा थर कमी भरा म्हणाल तर मध्ये टाकावा लागतो, आणि टाकला की धूर.

दुसरं, तुमच्या धुराड्याची रिंग. मोठं पातेलं, छोटं पातेलं, तवा, सगळं एकाच भोकावर बसतं का? बसलं नाही की फटीतून धूर येणार आणि बाई रिंग काढून कोपऱ्यात ठेवणार. सरकारी सुधारित चुलींचं अर्ध्या घरांत हेच झालं. वर कोंबडी बसायची.

तिसरं, डॉक्टर, धूर असतो म्हणून सिगडी बाहेर राहते हे पावसाळ्यात खरं नाही. जून ते सप्टेंबर ती आतच पेटते, धुरासकट.

लोखंडकाम_राजुरा

ताई, तव्याचं बरोबर आहे, आणि त्यावर उपाय जाळीतच दिसतो. जाळी खालीवर करता आली पाहिजे. बाजूला तीन खाचा, बाहेरून दांडी. आच खाली गेली की जाळी एक खाच वर. हलवण्याचं आणि उचलण्याचं काम एकाच दांडीत बसवता येईल. दोन रिंगा द्यायला अडचण नाही, पत्रा उरतोच.

हिशेबनीस, वेचणाऱ्याला रस नाही म्हणता, पण कष्ट म्हणजे काय कमी गोष्ट आहे? भरलं पोतं डोक्यावर घेऊन सायडिंगवरून पळायचं, मागे सुरक्षावाला. तेही बहुतेक बाया आणि पोरं.

दूरदेशी

मंगोलियाचा अनुभव इथे लागू पडतो. उलानबातरच्या गेर वस्त्यांत, म्हणजे तंबूंच्या वस्त्यांत, स्वयंपाक आणि ऊब एकाच कोळशाच्या चुलीतून. २०१० नंतर अमेरिकी मदतीतून अनुदान देऊन जवळपास लाखभर सुधारित चुली वाटल्या. त्याही वरून पेटवायच्या. पण तिथली थंडी उणे तीसची, लोक रात्री उठून वरून कोळसा टाकणारच. धनबादकरांची शंका तिथे खरी ठरली. शहराची हवा म्हणावी तशी सुधारली नाही.

मग १५ मे २०१९ पासून राजधानीत कच्च्या कोळशावर बंदी आली आणि त्याजागी कारखान्यातल्या कोळशाच्या विटा दिल्या. धूर खरोखर घटला. पण त्याच हिवाळ्याच्या तोंडावर कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधा वाढल्या, माणसं दगावली, आणि घराघरात वायूची सूचना देणारी यंत्रं वाटावी लागली. जुन्या चुली, तुंबलेली धुराडी आणि नवं इंधन यांचा मेळ कोणी घातलाच नव्हता. चूल एका खात्याने बदलायची आणि कोळसा दुसऱ्याने, असं करू नये, इतकं त्यातून कळतं.

पन्हाळा_रांगडा

इंडक्शन घ्या की राव. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे.

चुलीपुढची

केंद्र आहे. वस्तीत लाइट कधी असते ते या बघायला.

सातपुडा_वारा

अनघाताईंच्या 'नाही'ला माझा विरोध आहे, आणि तोही चीनच्याच पुराव्यावर. युन्नानमधल्या श्वानवेई भागात धुरकट कोळसा घरात खड्ड्यात, धुराड्याशिवाय जाळत. सिगारेट न ओढणाऱ्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग तिथे देशात सर्वाधिक दरांपैकी होता. सत्तरच्या दशकापासून लोकांनी धुराडं असलेल्या चुली बसवल्या. २१,२३२ शेतकऱ्यांचा १९७६ ते १९९२ मागोवा घेतला, निष्कर्ष २००२ मध्ये आले: धुराडं बसवलेल्यांत धोका पुरुषांत आणि बायकांत दोन्हीकडे चाळीस टक्क्यांहून जास्त घटला. कोळसा तोच, घर तेच. फरक एका नळीचा.

मग सिगडी सुधारण्यात अर्थच नाही, हा युक्तिवाद कुठे उरतो? गॅस येईपर्यंत त्या बाईने काय करायचं?

अनघा_श्वसन

अभ्यास मला माहीत आहे आणि तो चांगला आहे. पण पूर्ण वाचा. फायदा दिसायला साधारण दहा वर्षं लागली, आणि धोका घटला, संपला नाही. मुळात जिथे दर इतका भयंकर होता तिथे चाळीस टक्के घटूनही उरतं ते बरंच. शिवाय तो अभ्यास शेतकऱ्यांचा. घुग्घुसच्या वस्तीत भिंतीला भिंत आहे. तुमची नळी म्हणजे शेजारणीची खिडकी.

उज्ज्वला २०१६ पासून चालू आहे, २०२४-२५ मध्ये लाभार्थ्यांनी सरासरी चार-साडेचार सिलिंडर भरून घेतले. हा आकडा सिगडी सुधारून वाढत नाही. तो वाढतो भाव उतरल्यावर. कोळसा जिथून निघतो त्याच तालुक्यात खाणींच्या पैशातून, जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीतून, बाकीची सिलिंडरं का भरली जाऊ नयेत? राजुरावाल्यांनी हा प्रश्न ग्रामसभेत विचारावा. ती मागणी सोडून आपण सळ्यांच्या खाचा मोजतोय, याचा मला राग येतो.

हिशेबनीस

निधीचा मुद्दा पटला. घरामागे वर्षाला आणखी सहा सिलिंडर, वस्तीतली घरं किती ते माहीत असलं की गुणाकार पाच मिनिटांचा.

धनबादकर

निधीची मागणी करा आणि सिगडीही करा, यात भांडण कुठे आहे? मुंबईतच बघा, जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांवाल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. ते दुकानं आहेत, परवाने आहेत, नोटीस देता येते. घरातल्या सिगडीला कोण नोटीस देणार, आणि देऊही नये.

राजुरावाले, बिनधुराड्याची मात्र विकू नका. या एका बाबतीत मी डॉक्टरांच्या बाजूने आहे.

लोखंडकाम_राजुरा

ठरलं. आत वापरायची सिगडी धुराड्याशिवाय दुकानातून जाणार नाही. बाहेरची वेगळी बनवेन, तिला कडीच देणार नाही, म्हणजे उचलून आत नेणं अवघड. थर जाड झाला की मोनॉक्साइड वाढतो असं वाचलं, म्हणून डबा उथळ ठेवतोय, आतून भरायची खूण रंगवणार. ग्रामसभेत विषय टाकतो, बघू सरपंच काय म्हणतात.

एक विचारायचं होतं: धुराड्याला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा चालेल का? स्वस्त पडतो.

सातपुडा_वारा

खालचे दोन-अडीच फूट जीआय नको. तापला की जस्ताचा मुलामा जळून वाफ सुटते. तिथे काळा पत्रा, वरती जीआय चालेल. आणि नळीत झडप बसवू नका, लोक आच मंद करायला ती पूर्ण बंद करतात.

चुलीपुढची

आणि पाइप कौलातून नेताना भोवती चिखल-सिमेंट नीट भरा. पावसाचं पाणी आत आलं तर पहिल्या आठवड्यात काढून टाकतील.

अनघा_श्वसन

टोक कौलाच्या माथ्याच्या वर. शेजारणीची खिडकी कुठे आहे ते बघून.