मदत हवी आहे: मुलीची उंची खुंटल्यासारखी वाटतेय, सोलापुरातून लहान मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांकडे कसं जायचं?

अबोली_सोला

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, इथे पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत. उंची १११ सेमी, वजन १९ किलो. प्रार्थनेच्या रांगेत पहिली उभी असते, त्याचं काही नाही, कोणीतरी पहिलं असणारच. पण दुसरीत शिवलेला पिनाफोर तिला अजून होतो. वाढत्या अंगाचा म्हणून टेलरने खाली चार बोटं दुमड ठेवली होती, ती उसवायची वेळच आली नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत पाळणेवाला म्हणाला, "एवढ्या बारक्या पोरीला एकटं बसवू नका." शेजारी तिच्याच वर्गातली मैत्रीण एकटी बसली होती. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मिस्टर ५ फूट ७ इंच, मी ५ फूट १ इंच. सासूबाईंचं म्हणणं, "आपल्यातल्या पोरी उशिरानं वाढतात, एकदम अंग धरेल बघ." आधी जिथे दाखवत होतो तिथे भूक लागायचं टॉनिक आणि कॅल्शियम यावर वर्ष गेलं. नाव लिहीत नाही, तो मुद्दा नाही.

मध्ये ताप आला म्हणून जुळे सोलापुरातल्या दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तापाचं औषध दिलं आणि विचारलं, मागच्या वर्षीची उंची कुठे लिहिलेली आहे का? शाळेत आरोग्य तपासणीची गाडी येते, त्यांच्या कार्डावर सापडली: १०७.५. त्यांनी एका तक्त्यावर दोन टिंबं दिली. दोन्ही सगळ्यांत खालच्या रेषेच्या खाली, आणि दुसरं पहिल्यापेक्षा जास्त खाली. मग चिठ्ठी दिली, "पेडिअ‍ॅट्रिक एंडोक्रायनॉलॉजिस्टला दाखवा."

तर विचारायचं असं की सोलापूर भागातून यासाठी कोणी कुठे गेलंय का? मोठ्यांच्या थायरॉइड-डायबेटिसवाल्या डॉक्टरांना दाखवलं तर चालतं का, की पुणे-मुंबईच गाठायची? तपासण्या इथेच करून नेता येतील का, कारण मिस्टरांची नोकरी चिंचोळी एमआयडीसीत आहे, सुट्टीचे वांधे. आणि खरं सांगायचं तर 'हार्मोन' म्हटलं की पोटात गोळा येतो. रोज इंजेक्शन, पुढे पाळीवर परिणाम, असलं काहीबाही ऐकलंय.

कडकभाकरी

ताई, कशाला एवढं घाबरायलाव? माझा पुतण्या नववीपर्यंत बेंचामागं दिसत नव्हता. आता दाराची चौकट कपाळाला लागते त्याच्या. दोरीउड्या मारायला लावा, पार्क स्टेडियमवर खेळायला सोडा, बारला लटकू द्या. डॉक्टर लोक काय, एक चिठ्ठी दुसऱ्याकडं, दुसरी तिसऱ्याकडं. लई मनावर घेऊ नका.

स्टेथोवाला

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण हार्मोनवाला नाही. पलीकडच्या जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. मुलीला न बघता निदान करत नाही, पण चिठ्ठी देणाऱ्यांनी अगदी योग्य केलं, एवढं आधी सांगतो.

उंची किती आहे याहून वर्षाला किती वाढते हे जास्त बोलकं असतं. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेमी वाढतं, दुसऱ्यात १२च्या आसपास, आणि चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६. तुमच्याकडे साडेतीन भरतंय. मोजण्यात चूक झाली नसेल तर याला 'उशिरा वाढणं' म्हणून सोडून देता येत नाही. म्हणून आधी पुन्हा नीट मोजा: बूट-मोजे काढून, केस सोडून, टाचा-ढुंगण-पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर काटकोनात टेकवलेली पाटी. सकाळी आणि संध्याकाळी मोजलं तर सेंटीमीटरभर फरक पडतो, त्यामुळे वेळ एकच ठेवा.

आईवडिलांच्या उंचीचं गणितही करून बघा. मुलीसाठी बाबांच्या उंचीतून १३ वजा करायचे, आईची उंची मिळवायची, आणि निम्मं करायचं. तुमचं १७० आणि १५५ धरलं तर १५६ येतं. दोन्हीकडे सात-आठ सेमीची सूट. म्हणजे घराण्याच्या हिशेबाने ही मुलगी तक्त्याच्या मधल्या रेषेच्या जवळपास हवी होती, तळाखाली नव्हे. 'आमच्यात सगळे बुटके' हे कारण तुमच्या घराला लागू पडत नाही. (तो तक्ता बहुधा आयएपीचा (बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा) २०१५चा असणार, ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांचा. पुण्याच्या खाडिलकर डॉक्टरांचं त्यात मोठं काम आहे.)

कडकभाकरी, तुमच्या पुतण्यासारखी मुलं खूप असतात आणि त्यांना खरंच काही करावं लागत नाही. पण त्यांची हाडं वयाने मागे असतात, बापाला किंवा काकाला मिसरूडही उशिरा फुटलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे वर्षाचा वेग फारसा ढळलेला नसतो. इथे वेग ढळलाय. लटकण्याने खांदे मजबूत होतील, उंचीला उपयोग शून्य.

तपासण्या बहुतेक सोलापुरातच होतील. सीबीसी, ईएसआर, किडनी-लिव्हर, कॅल्शियम-फॉस्फरस, थायरॉइडसाठी टीएसएच बरोबर फ्री टी४, सिलिअ‍ॅकसाठी (गव्हातलं ग्लूटेन आतड्याला न सोसण्याचा आजार) टीटीजी, लघवी, वाढीच्या हार्मोनचा अंदाज देणारी आयजीएफ-१, आणि डाव्या हाताचा मनगटासकट एक्स-रे. त्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात. ज्यांनी चिठ्ठी दिली त्यांच्याकडूनच यादी लिहून घ्या. खर्च अडत असेल तर सिव्हिलमध्ये बालरोगची ओपीडी आहे, मेडिकल कॉलेजचंच हॉस्पिटल ते, बरंचसं तिथे होऊन जाईल. नुसती 'ग्रोथ हार्मोन' म्हणून एकदा रक्त काढून करतात ती तपासणी करू नका. हे हार्मोन दिवसभर झटक्याझटक्याने सुटतं, एरवी रक्तात नसल्यातच जमा असतं. त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही, पैसे मात्र जातात.

मुलगी आहे म्हणून एक जास्तीची: कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी. कारण न सापडणाऱ्या प्रत्येक बुटक्या मुलीत ती करायची असते, चेहऱ्यावर काही दिसो न दिसो.

मोठ्यांच्या डॉक्टरांबद्दल: डीएम एंडोक्रायनॉलॉजी (हार्मोनच्या विषयातली पदवी) झालेले डॉक्टर मुलांनाही बघतात, ते चालतं. जे फक्त मुलांचंच बघतात ते आधी बालरोगतज्ज्ञ आणि मग या विषयाचं जास्तीचं शिक्षण घेतलेले. बोर्डावर नुसतं 'हार्मोन व डायबेटिस तज्ज्ञ' दिसलं तर खाली पदवी वाचा.

जन्माचं वजन किती होतं? दम्यासाठी किंवा किडनीसाठी स्टेरॉइड चालू होतं का कधी? आणि डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, कमी दिसणं, सारखं पाणी पिणं आणि लघवीला जाणं, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच दाखवा.

भीमाकाठ

पंढरपूरहून. आमच्या मुलाचंही असंच, त्यात पोट फुगलेलं आणि हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना. लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या. शेवटी टीटीजी भरमसाट आली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, सिलिअ‍ॅक निघालं. गहू बंद. नातेवाईक हळहळले, पोरगं आता खाणार काय. अहो, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात पोत्यानं आहे, आणि ज्वारीत ते ग्लूटेन नसतंच. अडचण होते ती बिस्किटं, पाव, शेवया आणि लग्नातल्या पंगतीत. चक्की वेगळी शोधावी लागली, कारण गव्हाच्या पाठोपाठ दळलेलं चालत नाही. दीड वर्षात पोरगं रांगेत मागं सरकलं.

ताई, एक लक्षात ठेवा. टीटीजी करायच्या आधी कुणाच्या सांगण्यावरून गहू बंद करू नका. गहू थांबवला की तपासणी खोटी नॉर्मल येते. आम्हाला एकीनं व्हॉट्सअ‍ॅपवरून तोच सल्ला दिला होता.

शेवंती९

अबोलीताई, माझी मुलगी टर्नर आहे, म्हणजे ज्यासाठी ही कॅरिओटाइप करतात तो आजार. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला असतं, एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अर्धवट असतं. डॉक्टरांनी कॅरिओटाइप लिहिली तेव्हा मी घरी येऊन रडत बसले होते, म्हणून तुम्हाला लिहितेय. तपासणीचं नाव मोठं आहे, करायचं काय तर हातातून थोडं रक्त. रिपोर्टला दोनेक आठवडे लागतात आणि ते आठवडे वाईट जातात, हे खरं.

माझी लेक आता सातवीत आहे, गणितात माझ्यापेक्षा हुशार. हृदयाची इको आणि किडनीची सोनोग्राफी झाली, कारण टर्नरमध्ये ते बघावंच लागतं. रोज रात्री वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन घेते, स्वतःच्या हाताने, मांडीत. पेनसारखं असतं, सुई केसाएवढी. पाळीचं म्हणाल तर टर्नरमध्ये अंडाशय काम करत नाहीत, म्हणून पुढे वेगळं हार्मोन द्यावं लागतं. तो त्या आजाराचा भाग, वाढीच्या इंजेक्शनचा परिणाम नव्हे.

आम्ही बार्शीहून परळच्या वाडिया हॉस्पिटलला जातो, तिथे मुलांच्या हार्मोनचा वेगळा विभाग आहे. पुण्यात जहांगीरमध्येही मुलांच्या वाढीचं बघतात, तुम्हाला ते जवळ. आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा, बाहेरचे तज्ज्ञ महिन्यातून एखादा दिवस सोलापुरात येऊन बसतात का. ही माहिती बोर्डावर नसते, बालरोगवाल्यांना असते.

अबोली_सोला

सगळ्यांचे खूप आभार. शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद मिस्टरांना वाचून दाखवला.

डॉक्टर, जन्माचं वजन २.८ किलो, पूर्ण दिवसांची. स्टेरॉइड कधी नाही. डोकेदुखी, उलट्या काही नाही. यादी लिहून आणली, उद्या रक्त देतोय. नणंदेने मध्येच 'उंची वाढवणारी' पावडर पाठवलीय, डब्यावर जिराफ आहे. देऊ का?

स्टेथोवाला

जिराफाला देऊ नका, मुलीलाही नको. अशा डब्यात बहुतेक प्रथिनं, साखर आणि जीवनसत्त्वं असतात. खाणंच कमी असेल तर दूध, अंडं, डाळ, शेंगदाणे यांतून तेच मिळतं, सोलापुरात शेंगांची काय कमी. काही पावडरींत बायोटिन असतं, त्याने थायरॉइडचे आकडे फिरू शकतात. निदान रक्त देईपर्यंत डबा उघडूच नका.

कडकभाकरी

जिराफ 😀 बरं, मी माझं लटकणं मागं घेतो. पुण्याला जाताना गाडीचं काही लागलं तर सांगा ताई, भाऊ स्टेशनजवळच राहतो.

अबोली_सोला

उशिराने अपडेट देतेय. टीएसएच, टीटीजी, किडनी सगळं नॉर्मल. कॅरिओटाइप ४६ एक्सएक्स, म्हणजे टर्नर नाही. हाडांचं वय साडेसहा आलं. आयजीएफ-१ वयाच्या मानाने कमी. पुण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ग्रोथ हार्मोनची स्टिम्युलेशन टेस्ट सांगितलीय, म्हणजे औषध देऊन ते हार्मोन किती सुटतं ते बघायचं. उपाशीपोटी सकाळी, गोळी देऊन दर अर्ध्या तासाने रक्त. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस धरून जावं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत यावं, असा विचार आहे. जमेल ना? आणि कमतरता निघालीच तर इंजेक्शनं मे महिन्याच्या उन्हात टिकतात कशी? आमच्याकडे लाइट जाते तेव्हा तास-दोन तास येत नाही.

स्टेथोवाला

हुतात्मा पुण्यात साडेदहाच्या सुमाराला पोचते. तोपर्यंत पोर रात्रीपासून उपाशी, आणि टेस्टची वेळही टळलेली. आदल्या दिवशी जा, मुक्काम करा.

गोळी बहुधा क्लोनिडीन असणार, मुळात रक्तदाबाची. मूल पेंगतं, रक्तदाब थोडा उतरतो. म्हणून टेस्टनंतर खायला घालून दोन-तीन तास तिथेच आडवं ठेवतात, लगेच गर्दीच्या डब्यात चढवू नका. सुई एकदाच टोचून सलाईनसारखी नळी ठेवतात, दर वेळी नव्याने टोचत नाहीत, हे मुलीला आधी सांगा. बहुतेक ठिकाणी दोन वेगवेगळ्या टेस्ट झाल्याशिवाय कमतरतेवर शिक्का मारत नाहीत. दुसरी ग्लुकागॉनची असते, तिच्यात मळमळतं. दोन्ही एकाच मुक्कामात होतील का, हे फोनवरच विचारून घ्या. कमतरता निघाली तर पिट्युटरीचा (मेंदूतल्या, हे हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथीचा) एमआरआय होईल, तोही नेहमीचाच भाग आहे.

इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलं की गेलं. तास-दोन तास लाइट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, बास. प्रवासात थर्मासचा डबा, आणि बर्फाचा पॅक औषधाला थेट टेकू द्यायचा नाही. डोस वजनावर असतो, त्यामुळे मूल वाढतं तसा खर्चही वाढतो. महिन्याचे हजारो रुपये धरून चाला. हे काही वर्षांचं काम आहे, म्हणून पहिल्याच भेटीत पुढच्या दोन-तीन वर्षांचा अंदाज लिहून मागा. खरी कमतरता असली तर पहिल्या वर्षात आठ-दहा सेमी सहज वाढतात. हाडांचं वय साडेसहा आहे म्हणजे हाडांची टोकं बंद व्हायला भरपूर वेळ आहे. ती एकदा जुळली की कितीही इंजेक्शनं द्या, उंची हलत नाही.

शेवंती९

ताई, टेस्टच्या दिवशी सैल बाह्यांचा फ्रॉक घाला आणि एक पांघरूण न्या, तिथे एसी असतो. रक्त दिल्यावर लगेच खायला डबा हाताशी ठेवा. आमची जागी झाली ती "इडली दे" म्हणतच.

अबोली_सोला

आदल्या दिवशीची इंटरसिटी बघते. दोन टेस्टचं उद्या फोन करून विचारते आणि इथे लिहिते. कडकभाकरी दादा, तुमच्या भावाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.