गोल्फमध्ये पहिलं हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी शॉटची सूट) काढताना 'थोडं वाढवून' लिहायचं म्हणे!

बंकरवाली: काल इथे एका महाशयांनी नवशिक्यांना सल्ला दिला की पहिल्या तीन कार्डांवर दर राउंडला चार-पाच शॉट जास्त लिहा, हँडिकॅप मोठं मिळतं आणि पहिलीच स्पर्धा खिशात. वर खाली टाळ्या वाजवणारेही आहेत! अहो, ५४ होलची, म्हणजे तीन राउंडची, कार्डं दिली की त्यातला सगळ्यात चांगला एकच राउंड धरतात, त्यातूनही २ वजा करतात. म्हणजे तिन्ही कार्डांवर खोटं लिहायचं, आणि आपला स्कोअर तपासून सही करणाऱ्या मार्करलाही त्यात ओढायचं.

सल्लागार_मीच: ताई, जरा दमानं. हौस म्हणून खेळतो आपण. आणि नवशिक्याला एका होलवर पार (त्या होलसाठी ठरलेले शॉट) अधिक ५ च्या वर धरतच नाहीत, मग कोणी किती फुगवणार?

खडूस_काका: फुगवणाऱ्यांचं सोडा, कमी लिहिणारे जास्त डोक्यात जातात. गिमी! "अरे उचल उचल" म्हणत अर्धे पट (होलजवळचे हलके फटके) मारायचेच नाहीत, गेले असं धरायचं आणि कार्डावर मात्र छान आकडा. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण शॉट मोजतात तिथे, बॉल होलमध्ये जाईपर्यंत खेळायचं, संपलं.

रफमध्ये_हरवलेला: काका, मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायचा असतो तिथे, समोरच्याचा पट सोडता येतो. बॉल दीड मीटरच्या आत असेल तर हँडिकॅपसाठी एक शॉट धरून लिहायचं, नियमच आहे तसा.

खडूस_काका: नियम मला शिकवू नकोस. तुमचा दीड मीटर दर होलला लांबत जातो ते बघतो मी.

बंकरवाली: विषय गिमीचा नाहीये हो!! आमच्याकडे एक जण भरपूर शॉट घेऊन आला, पहिल्याच स्पर्धेत सुसाट खेळला, ट्रॉफी उचलली. दुसरा आलेला वर्षभर घाम गाळत होता, त्याचं तोंड आठवतंय मला.

सल्लागार_मीच: एवढा सुसाट खेळला तर सिस्टीमच कापते ना. इंडेक्सपेक्षा, म्हणजे हँडिकॅपच्या आकड्यापेक्षा, ७ ने चांगला राउंड आला की १ कमी, १० किंवा जास्तने आला तर २ कमी.

बंकरवाली: कापते, पण ट्रॉफी परत घेते का?

सल्लागार_मीच: बरं बाई, तुम्ही हरिश्चंद्र. 'वाढवून लिहा' हे मागे घेतो. पण कार्ड खराब आलं तर खराबच देणार, त्यात तरी पाप नाही ना?

बंकरवाली: ते तर द्यायलाच हवं. चांगलं आलेलं दडवू नका, एवढंच म्हणतेय मघापासून.

खडूस_काका: आणि गिमी?

रफमध्ये_हरवलेला: काका, गेल्या खेपेला तुमचा मार्कर मीच होतो. तुमचा तो 'हा तर गेलाच समज' वाला पट विसरलो नाहीये मी.

खडूस_काका: तो मॅच प्ले होता!!