प्रति: क्रोशेसाठी चार पोरं दिली, ही लूटच नाही का?

नाही, रेड सॉक्स लुटले गेले असं मला तरी नाही वाटत. डिसेंबर २०२४ मध्ये बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने पिचर (चेंडू टाकणारा) गॅरेट क्रोशेच्या बदल्यात शिकागो व्हाइट सॉक्सला काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस मायड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेझ ही चार तरुण पोरं दिली. पण रोमन अँथनी, मार्सेलो मेयर आणि क्रिस्टियन कॅम्पबेल या आपल्या तिघा सर्वांत होतकरू पोरांपैकी एकालाही हात लावू दिला नाही. निम्मा सौदा तिथेच जिंकला.

जीव तुटतो तो टीलसाठी. डावखुरी बॅटिंग करणारा तरुण कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षकच म्हणा) सहजासहजी हाती लागत नाही. माँटगोमेरी गुणी खराच, पण घोटा मोडल्यामुळे तोवर एकही व्यावसायिक सामना खेळला नव्हता. (हा सौदा जुलैतच का नाही केला, असंही कुणी विचारेल. माँटगोमेरीला रेड सॉक्सने त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं होतं. आणि त्या वर्षी ड्राफ्ट केलेला खेळाडू वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) संपेपर्यंत देताच येत नाही.)

किंमत ठरते ती खेळाडू संघाच्या हाताशी किती वर्षं उरलाय त्यावर. सर्व्हिस टाइमचे (मेजर लीगच्या संघात काढलेले) १७२ दिवस म्हणजे एक वर्ष, आणि अशी सहा वर्षं भरली की खेळाडू कुठल्याही संघाकडे जायला मोकळा. क्रोशेची दोनच उरली होती. त्यात २०२२ मध्ये टॉमी जॉन (कोपराच्या स्नायुबंधाची) शस्त्रक्रिया झालेली, आणि स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) म्हणून पूर्ण मोसम एकच, २०२४ चा: १४६ इनिंग्ज, २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). रेड सॉक्स तेवढ्यावर थांबले असते तर तुमचा आक्षेप रास्त होता. पण क्रोशेशी २०२६ पासून सहा वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार झाल्यावर हिशोबच बदलला.